शेतात किंवा गावात नवे घर बांधायचे आहे? गावठाण, दोनशे मीटर आणि शेतघर यांच्या नियमांतून वाट कशी काढायची

ग्रामीण महाराष्ट्रात घराचे बांधकाम अडते, त्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. जमीन आधी घेतली जाते, पाया आधी खणला जातो आणि परवानगीची चौकशी नंतर होते. खरे तर जमिनीचा तुकडा कोणत्या हद्दीत बसतो, यावरच पुढचे सगळे ठरते: परवानगी कोण देणार, किती बांधता येणार, बिनशेती (जमीन शेतीखेरीज वापरण्याची परवानगी) लागणार की नाही आणि काही ठिकाणी बांधता येणारच की नाही. म्हणून या लेखात जागा ओळखण्यावर सर्वांत जास्त भर आहे. तिथे चूक झाली नाही, तर बाकीची कामे वेळखाऊ असली तरी सरळ आहेत.

पायरी पहिली: जागा चारपैकी कोणत्या खान्यात आहे ते ठरवा

एक, गावठाण. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांनी वस्तीसाठी ठरवून दिलेली जागा म्हणजे गावठाण. गावकऱ्यांच्या बोलण्यातले गावठाण आणि नकाशावरचे गावठाण यांत पुष्कळदा फरक असतो. वस्ती वाढत वाढत शेतांत गेलेली असते, पण हद्द जुन्याच रेषेवर उभी असते. घरे लागून आहेत, रस्ता डांबरी आहे, दिवे आहेत, एवढ्याने जागा गावठाणात येत नाही. गावाच्या नकाशावरची रेषाच बघावी लागते. विस्तारित किंवा वाढीव गावठाण मंजूर झाले असेल, तर त्याचा आदेश आणि नकाशा वेगळा असतो. तोही मागून घ्यावा.

दोन, गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली शेतजमीन. हिला संहितेचे कलम ४२-ड लागू होते आणि इथे मोठी सवलत आहे.

तीन, मंजूर विकास योजनेत किंवा प्रादेशिक योजनेत निवासी वापरासाठी दाखवलेली जमीन. तालुक्याच्या गावांभोवती, शहरांलगतच्या खेड्यांत आणि महामार्गांच्या पट्ट्यात अशी जमीन आढळते. इथे कलम ४२-ब किंवा ४२-क पाहावे लागते.

चार, बाकीची सगळी शेती. प्रादेशिक योजनेच्या भाषेत हा शेती विभाग. इथे सरसकट घर बांधता येत नाही. शेतकऱ्याला शेतघराची मुभा आहे, पण तिला मोजमापाच्या मर्यादा आहेत.

हे ठरवण्यासाठी तीन कागद लागतात. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून (तलाठी पदाचे हे नाव २०२४ पासून आहे) किंवा ऑनलाइन सातबारा आणि ८अ घ्या. भूमी अभिलेख विभागाकडून गावाचा नकाशा आणि गटाचा (क्रमांक दिलेल्या जमिनीच्या तुकड्याचा) नकाशा घ्या. जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयाकडून झोन दाखला (जमीन योजनेत कोणत्या विभागात येते याचा दाखला) आणि भाग नकाशा घ्या. हा तिसरा कागद लोक टाळतात आणि नेमके तिथेच फसतात. शेजारच्याने बांधले म्हणून आपल्यालाही चालेल, हा अंदाज धोक्याचा आहे, कारण झोनची रेषा एकाच गटाच्या मधूनसुद्धा जाऊ शकते.

पायरी दुसरी: सातबारा बारकाईने वाचा

विक्रेत्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो वाचू नका. डिजिटल स्वाक्षरीचा ताजा उतारा स्वतः काढा, आणि जुन्या फेरफारांच्या (हक्कातल्या बदलांच्या नोंदींच्या) नकलाही काढा.

सर्वांत आधी भोगवटादार वर्ग पाहा. वर्ग १ असेल तर मालक जमीन मोकळेपणाने विकू शकतो. वर्ग २ असेल तर विक्री, वापरबदल किंवा हस्तांतरण यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि नजराणा (शासनाला भरायची रक्कम) लागतो. कूळ कायद्याने मिळालेली, इनाम किंवा वतनाची, शासनाने वाटप केलेली जमीन बहुधा याच वर्गात सापडते. आदिवासी खातेदाराच्या जमिनीला कलम ३६ आणि ३६-अ चे वेगळे संरक्षण आहे. ते ओलांडून केलेला व्यवहार टिकत नाही, आणि टिकूही नये.

मग इतर हक्काचा रकाना. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, पुनर्वसनासाठीचा निर्बंध, भूसंपादनाची नोंद, विहिरीतला हिस्सा, वाटेचा हक्क हे सगळे तिथे असते. कोकणात आणि घाटमाथ्यावर खाजगी वनाची नोंद मुद्दाम शोधा. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याखाली आलेली जमीन सातबाऱ्यावर एखाद्या माणसाच्या नावावर दिसत असली, तरी तिथे बांधकाम करता येत नाही.

क्षेत्र वाचताना आर आणि गुंठा यांची गल्लत होते. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. १ गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, म्हणजेच १,०८९ चौरस फूट. छोट्या प्लॉटला हा फरक जाणवत नाही. पण शेतघरासाठी किमान क्षेत्र ०.४ हेक्टर, म्हणजे ४,००० चौरस मीटर आहे. ते साधारण साडेएकोणचाळीस गुंठे होते, आणि मर्यादेच्या काठावर असलेल्या जमिनीत तेवढा फरकही निर्णायक ठरतो.

आणखी एक गोंधळ नेहमीचा आहे. तलाठ्याकडचा ८अ आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ हे दोन वेगळे कागद आहेत. ८अ मध्ये एका खातेदाराची गावातली एकूण जमीन दिसते. नमुना ८ ही घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही आहे. नमुना ८ वर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही, आणि ग्रामपंचायत घरपट्टी घेते म्हणून बेकायदा घर कायदेशीर होत नाही. विजेच्या मीटरचेही तेच.

शेतकरी नसलेल्याने शेतजमीन घेताना

महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. आधी घेऊ, मग बघू, असे इथे चालत नाही. आपण शेतकरी असल्याचा पुरावा, म्हणजे स्वतःच्या किंवा वारसाहक्काने आलेल्या जमिनीचा सातबारा, खरेदीखताच्या आधी तयार ठेवा. लांबच्या नातेवाइकाच्या नावाने जमीन घेऊन स्वतःच्या पैशाने घर बांधणारे पुढे दोन्हींकडून अडकतात. पैसा यांचा जातो आणि कागदावर मालक तो नातेवाईक राहतो.

पायरी तिसरी: तुकड्याचा आकार तुकडेबंदीत बसतो का

१९४७ चा तुकडेबंदी कायदा घरासाठी जमीन घेणाऱ्यांना सर्वांत जास्त नडतो. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र बागायतीसाठी १० गुंठे आणि जिरायतीसाठी २० गुंठे केले. शेतीच्या गटातून यापेक्षा लहान तुकडा तोडून घेतला, तर व्यवहार कायद्याविरुद्ध ठरतो आणि फेरफार अडतो. मग लोक दोन-तीन गुंठ्यांसाठी नोटरीपुढे करारनामा करतात किंवा साठेखतावर (पुढे खरेदी करण्याच्या करारावर) ताबा घेतात. त्यावरून सातबारा होत नाही, बांधकाम परवानगी मिळत नाही आणि कर्जही मिळत नाही.

यातून वाटा आहेत. २०२४ च्या नियमांनी विहीर, शेतरस्ता आणि ग्रामीण घरकुल यांसारख्या कारणांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने लहान तुकडा हस्तांतरित करण्याची सोय केली. घरकुल लाभार्थ्यासाठी ती १,००० चौरस फुटांपर्यंत आहे. २०२५ मध्ये या कायद्यात आणखी शिथिलता आणली गेली. पण शिथिलता आली, एवढे ऐकून जुना नोटरी करार वैध समजू नका. आपल्या गटाला ती लागू आहे का, याचे लेखी उत्तर तहसील कार्यालयातून घ्या.

जमीन भावांची सामाईक असेल तर आधी वाटप करून घ्या. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे सहहिस्सेदारांच्या संमतीने वाटप होते. त्यानंतर भूमी अभिलेखकडून पोटहिस्सा मोजणी करून घ्यावी. सामाईक सातबाऱ्यावर एकाच भावाने घराचा अर्ज केला, तर इतरांची संमती मागितली जाते, आणि घर अर्धे उभे असताना एखाद्या बहिणीची हरकत आली तर काम तिथेच थांबते. तिचा हक्क खरा असतो, म्हणून तो आधीच कागदावर आणणे सगळ्यांच्याच हिताचे आहे.

पायरी चौथी: मोजणी

परवानगीच्या अर्जासोबत मोजणीचा नकाशा जोडावा लागतो. अर्ज उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे ऑनलाइन होतो. नियमित आणि द्रुतगती असे दोन प्रकार आहेत. मोजणीच्या दिवशी शेजारचे सर्व खातेदार हजर राहतील हे पाहा. नोटीस त्यांना जातेच, पण आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगितले तर हद्दीच्या खुणा वादाशिवाय लागतात. खुणांवर त्याच दिवशी सिमेंटचे किंवा दगडाचे खांब रोवा. चुन्याची रेघ पहिल्या पावसात जाते.

२०० मीटरची सवलत घ्यायची असेल, तर त्याच मोजणीत गावठाणाच्या हद्दीपासूनचे अंतर दाखवून घ्या. अंतर शेवटच्या घरापासून नव्हे, तर हद्दीच्या रेषेपासून मोजतात. गटाचा काही भागच २०० मीटरच्या आत असेल, तर सवलत त्या भागापुरती धरून चाला आणि घराची जागा त्यातच आखा.

गावठाणातल्या मिळकतींसाठी आता स्वामित्व योजनेतून ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळत आहेत. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावात याचा पहिला प्रयोग झाला आणि एप्रिल २०२० मध्ये केंद्राने ती योजना देशभर नेली. आपल्या गावाची पत्रिका तयार झाली असेल तर तीवरचे क्षेत्र आणि चतुःसीमा आत्ताच तपासा. चूक दुरुस्त करून घेणे घर बांधण्याआधी सोपे असते.

पायरी पाचवी: बिनशेती लागते का, आणि कोणत्या वाटेने

गावठाणातल्या जागेला बिनशेती लागत नाही. ती जागा वस्तीचीच आहे.

२०० मीटरच्या आतल्या जमिनीला कलम ४२-ड खाली स्वतंत्र बिनशेती आदेशाची गरज राहत नाही. रूपांतरण कर, अकृषिक आकारणी (बिनशेती वापरावरचा सारा) आणि लागू असेल तिथे नजराणा किंवा अधिमूल्य भरले, की निवासी वापरासाठी जमीन रूपांतरित झाली असे मानले जाते. पद्धत अशी: तहसीलदारांकडे सातबारा, मोजणी नकाशा आणि झोन दाखला जोडून अर्ज करायचा. तहसीलदार रक्कम ठरवून मागणी पत्र देतात. रक्कम चलनाने भरायची आणि नंतर सनद (रूपांतरणाचे प्रमाणपत्र) घ्यायची. अशा गटांच्या याद्या तयार करण्याच्या सूचना महसूल यंत्रणेला दिलेल्या आहेत. आपला गट त्या यादीत आहे का, हे आधी विचारले तर काम लवकर होते.

चलनाची पावती जपून ठेवा. पुष्कळ जण पैसे भरून सनद न घेताच थांबतात आणि सातबाऱ्यावर नोंद होत नाही. पाच वर्षांनी बँकेत गेल्यावर कळते की जमीन कागदावर अजून शेतीच आहे.

विकास योजनेत निवासी असलेल्या जमिनीला कलम ४२-ब लागू होते आणि पद्धत साधारण हीच आहे. या तिन्हींत न बसणाऱ्या जमिनीसाठी जुनी वाट, म्हणजे कलम ४४ चा अर्ज. त्यात अर्जाची पोच मिळाल्यापासून ९० दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. परंतु शेती विभागात निवासी वापर मुळातच बसत नसेल, तर तिथे हा अर्जही टिकत नाही. २०१४ नंतर कायद्याचा सगळा कल स्वतंत्र बिनशेती आदेश कमी करण्याकडे राहिला आहे आणि दरांतही बदल होत आले आहेत. म्हणून अर्जाच्या दिवशी कोणते कलम आणि कोणता दर लागतो, हे तहसील कार्यालयातूनच पक्के करा.

परवानगीविना वापर बदलला तर कलम ४५ खाली अकृषिक आकारणीच्या ४० पटींपर्यंत दंड होऊ शकतो, वापर बंद करण्याचा आदेशही निघू शकतो. दंड भरला म्हणून बांधकाम नियमित झाले असे होत नाही. नगररचना कायद्याची कारवाई त्याहून वेगळी चालते.

शेतघर: सर्वांत गैरसमजाचा विषय

शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात अवजारे, खत, चारा आणि धान्य ठेवण्यासाठी, गुरांसाठी, तसेच कुटुंब, गडी किंवा कुळाच्या राहण्यासाठी इमारत बांधता येते. संहितेत तिला शेतघर म्हटले आहे. यासाठी जमीन बिनशेती करावी लागत नाही, म्हणून ही वाट सगळ्यांना सोपी वाटते.

महानगरपालिका आणि नगरपालिकांभोवतीच्या ठरावीक पट्ट्यांत तसेच प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात कलम ४१ च्या मर्यादा अशा आहेत. धारण जमीन ०.४ हेक्टरपर्यंत असेल तर परवानगी नाही. ०.४ च्या वर ते ०.६ हेक्टरपर्यंत असेल तर जोत्याचे एकूण क्षेत्र १५० चौरस मीटरपर्यंत. ०.६ च्या वर असेल तर ४०० चौरस मीटरपर्यंत. पण त्यातला राहण्यासाठीचा भाग, जमीन कितीही असली तरी, १५० चौरस मीटरच्या पुढे जाऊ शकत नाही. राहती इमारत फक्त तळमजल्याची आणि जोत्यापासून ५ मीटर उंचीपर्यंत.

डिसेंबर २०२० पासून लागू झालेली एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आपल्या भागात लागू असेल, तर तिची गणना वेगळी आहे. शेतघरासाठी चटई क्षेत्र निर्देशांक (जमिनीच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येते ते प्रमाण) ०.०३७५ आणि कमाल ४०० चौरस मीटर. जमीन प्रत्यक्ष शेतीखाली असली पाहिजे आणि त्या जमिनीवर एकच शेतघर.

उदाहरणार्थ, ५२ आर जमीन आहे. नियमावलीप्रमाणे ५,२०० गुणिले ०.०३७५, म्हणजे १९५ चौरस मीटर निघतात. कलम ४१ प्रमाणे मर्यादा १५० आहे. दोन्ही लागू असतील तिथे लहान आकडा धरून नकाशा करा. वास्तुविशारद १९५ चा नकाशा काढून देईल, पण छाननीत तो परत येईल आणि हंगाम वाया जाईल.

'फार्महाऊस प्लॉट' म्हणून ५ किंवा ११ गुंठ्यांचे तुकडे विकले जातात. त्यांवर शेतघराची परवानगी मिळू शकत नाही, कारण किमान क्षेत्रापेक्षा ती जागा फारच लहान असते. जाहिरातीत कुंपण, गेट आणि आतला रस्ता दाखवलेला असतो. मंजूर रेखांकनाचा (प्लॉट पाडण्याच्या नकाशाचा) क्रमांक मात्र नसतो. तो क्रमांक मागा. तो मिळत नसेल तर बयाणा देऊ नका.

परवानगी घेऊन बांधलेले शेतघर पुढे भाड्याने, लॉज म्हणून किंवा कार्यक्रमांसाठी वापरले तर वापर बदलल्याचे मानले जाते. पर्यटनाचा विचार असेल तर ते अर्जातच मांडावे.

घराच्या जागेभोवतीची अंतरे

जमीन योग्य खान्यात असली तरी तिच्यातला कोणता भाग बांधकामाला मोकळा आहे, हे वेगळे पाहावे लागते. मोजणी नकाशावर पुढच्या रेषा स्वतः आखून बघा, मगच घराची जागा ठरवा.

नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा. निळी रेषा सुमारे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेमधला भाग निषिद्ध, निळ्या आणि लाल रेषेमधला नियंत्रित. कृष्णा आणि पंचगंगेच्या काठी २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिले, त्यांना या रेषांचे मोल सांगायला नको. पूररेषेचा नकाशा जलसंपदा विभागाकडून मिळतो. गावातल्या जुन्या माणसांना पाणी कुठवर आले होते ते विचारून त्या नकाशाशी ताडून बघा. नियंत्रित भागात बांधायचेच असेल तर जोते पुराच्या पातळीच्या वर न्यावे लागते, आणि तो खर्च आधी धरावा लागतो.

विजेच्या तारा. कमी दाबाच्या तारेपासून आडवे अंतर १.२ मीटर आणि उभे २.५ मीटर लागते. ११ केव्हीपर्यंत आडवे १.२ आणि उभे ३.७ मीटर. ११ ते ३३ केव्हीपर्यंत आडवे २ आणि उभे ३.७ मीटर. त्याहून जास्त दाबाला दर ३३ केव्हीमागे ०.३ मीटर वाढवत जायचे. अंतर भिंतीपासून नव्हे, तर गच्ची, छज्जा किंवा बाल्कनीच्या सर्वांत बाहेरच्या कडेपासून मोजा. पुढे वरचा मजला चढवायचा विचार असेल तर उभे अंतर त्या मजल्याच्या हिशेबाने धरा.

रस्ते. राष्ट्रीय महामार्गालगत शहरी हद्दीबाहेर इमारत रेषा रस्त्याच्या मध्यापासून ४० मीटर आणि नियंत्रण रेषा ७५ मीटर असते. राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग यांची अंतरे त्यांच्या वर्गाप्रमाणे बदलतात. म्हणून आधी रस्त्याचा वर्ग कोणता, हे सार्वजनिक बांधकाम विभागाकडून लेखी घ्या. रस्त्याचा दर्जा वाढवण्याचा प्रस्ताव असेल तर उद्याच्या रेषेच्याही मागे, रस्त्यापासून दूर घर बांधणे शहाणपणाचे. रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत रेल्वेची ना हरकत लागते.

डोंगरउतार १:५ किंवा त्याहून तीव्र असेल तर बांधकामाला परवानगी मिळत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत हा नियम फार गांभीर्याने घ्यावा. माळीण २०१४ मध्ये, तळीये २०२१ मध्ये आणि इरशाळवाडी २०२३ मध्ये दरडीखाली गेली.

समुद्र आणि खाडीकाठी २०१९ ची किनारा नियमन अधिसूचना पाहावी लागते. ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त वस्ती असलेल्या ठिकाणी भरतीरेषेपासून ५० मीटर ना विकास क्षेत्र, बाकी ठिकाणी २०० मीटर. ही भरतीरेषा डोळ्यांनी ठरवायची नसते, मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावरची रेषाच ग्राह्य धरतात.

केंद्र संरक्षित किल्ल्याभोवती, म्हणजे रायगड, सिंधुदुर्ग किंवा जंजिऱ्यासारख्या स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. महाबळेश्वर-पाचगणी परिसराला २००१ ची आणि माथेरानला २००३ ची पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना लागू आहे. तिथे वर दिलेली सर्वसाधारण पद्धत चालत नाही.

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात आपले गाव आले म्हणून घर बांधता येणार नाही, अशी भीती कोकणात आणि कोल्हापूर-सातारा भागात पसरवली जाते. मसुद्यातली बंदी खाणी, लाल वर्गातले (सर्वांत प्रदूषणकारी) उद्योग आणि २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकाम प्रकल्पांवर आहे. शेतकऱ्याचे घर त्यात येत नाही. ही भीती दाखवून कुणी स्वस्तात जमीन मागत असेल तर सावध राहा.

शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर ठेवा, शेजाऱ्याची विहीरही धरून. कातळात किंवा भेगाळ मुरुमात अंतर आणखी वाढवा, कारण सांडपाणी भेगांमधून सरळ विहिरीत उतरते.

वाट कागदावर असली पाहिजे

घराच्या जागेपर्यंत रस्ता हवा, आणि तो कायदेशीर हवा. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांनी बांधावरून दिलेली वाट शेतीच्या वहिवाटीसाठी असते. ती घराच्या परवानगीसाठी पुरेशी धरली जाईलच असे नाही. शेजाऱ्याने तोंडी दिलेली वाट त्याचा मुलगा बंद करू शकतो. म्हणून जमीन घेतानाच वाटेची रुंदी आणि हक्क खरेदीखतात लिहून घ्या, किंवा रस्त्याच्या हक्काचा नोंदणीकृत दस्त करा आणि त्याची नोंद शेजारच्या सातबाऱ्याच्या इतर हक्कात घाला. वाळूचा ट्रक वळेल एवढी रुंदी आत्ताच मागा.

पायरी सहावी: बांधकाम परवानगी

बिनशेती झाली म्हणजे बांधायला मोकळीक मिळाली, हा समज चुकीचा आहे. बिनशेती हा जमिनीच्या वापराचा निर्णय, बांधकाम परवानगी हा इमारतीचा.

छोट्या घरांसाठी पद्धत सोपी झाली आहे. ग्रामीण भागात साधारण १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे १,६०० चौरस फुटांच्या भूखंडावर मालकीचा पुरावा, जागेचा नकाशा, इमारतीचा आराखडा आणि तो नियमावलीप्रमाणे असल्याचा परवानाधारक अभियंता किंवा वास्तुविशारदाचा दाखला ग्रामपंचायतीकडे देऊन शुल्क भरले की काम सुरू करता येते. १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंत ग्रामपंचायत छाननी झालेल्या कागदांवर १० दिवसांत बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र देते. त्यापुढच्या भूखंडांना नगररचना विभागाची छाननी लागते.

सोपेपणा कागदांचा आहे, नियमांचा नाही. सामासिक अंतर (घराभोवती मोकळी सोडायची जागा), उंची, चटई क्षेत्र या मर्यादा छोट्या घरालाही तेवढ्याच लागू असतात आणि चूक झाली तर अभियंत्याचा दाखला मालकाला वाचवत नाही. ही सवलत बेकायदा तोडलेल्या प्लॉटला किंवा गायरानालाही लागू होत नाही. गायरानावरचे अतिक्रमण काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच दिला आहे. ग्रामपंचायतीचा ठराव किंवा सरपंचाचा दाखला त्यावर उपाय नाही.

अर्ज देताना पोच घ्या आणि त्रुटी असतील तर त्या लेखी मागा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये परिपूर्ण अर्जावर ६० दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. तोंडी त्रुटी सांगून परत पाठवलेल्या अर्जाचे दिवस मोजले जात नाहीत, म्हणून अर्ज आवक क्रमांकासह दाखल असणे महत्त्वाचे.

पायरी सातवी: पाया ते भोगवटा

आखणी करताना अभियंत्याला मोजणीच्या खुणांवरून मोजायला लावा, जुन्या बांधावरून नको. बांध दर पिढीत थोडा सरकतो. जोते झाल्यावर, भिंती उचलण्याआधी, जोत्याची तपासणी करून घ्या आणि तशी लेखी नोंद ठेवा. अंतर कमी पडले असेल तर या टप्प्यावर दुरुस्ती होते, स्लॅब पडल्यावर होत नाही. नकाशात बदल करायचा असेल, जिना हलवायचा असेल किंवा खोली वाढवायची असेल, तर सुधारित नकाशा आधी मंजूर करून घ्या.

प्रारंभ प्रमाणपत्र एक वर्ष चालते आणि दरवर्षी नूतनीकरण करून एकूण चार वर्षांपर्यंत वाढवता येते. गावाकडे घर पैशांच्या सोयीने टप्प्याटप्प्याने बांधले जाते, त्यामुळे मुदत निघून जाते आणि लक्षात येत नाही. नूतनीकरणाची तारीख प्रमाणपत्रावरच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

काम संपल्यावर अभियंत्याचा पूर्णत्वाचा दाखला जोडून भोगवटा प्रमाणपत्र (घर राहण्यासाठी वापरता येईल असा दाखला) मागा. ते मिळाल्यावर ग्रामपंचायतीत नमुना ८ ला घराची नोंद करा, आणि जागा गावठाणातली असेल तर मिळकत पत्रिकेवरही. शेतजमीन रूपांतरित केली असेल तर सनदेप्रमाणे सातबाऱ्यावर फेरफार झाला का, हे नवा उतारा काढून बघा. तिन्ही ठिकाणी नाव, क्षेत्र आणि गट क्रमांक अक्षरशः सारखे आहेत का तपासा. फरक दिसला तर दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यात द्या, कारण फेरफार घालणारा अधिकारी आणि फाइल दोन्ही तेव्हा जागेवर असतात.